खिसा लहान, हौस मोठी : कॅमेरा घ्यायचा तो कसा?

मेगापिक्सेलच्या आकड्याला आणि दुकानदाराच्या आग्रहाला भुलून घेतलेला कॅमेरा बहुधा कपाटातच पडून राहतो. मर्यादित पैशांत आपल्या कुटुंबाच्या खरोखर उपयोगी पडेल असा डिजिटल कॅमेरा निवडताना काय पाहावे?

घरात बारसे असो, मुंज असो की शाळेचे स्नेहसंमेलन, फोटो हवेतच. एक काळ असा होता की अख्ख्या आळीत एखाद्याच घरी अ‍ॅग्फा क्लिक थ्री कॅमेरा असायचा आणि एका रोलमध्ये १२ फोटो निघायचे. पुढे ३६ फोटोंचे रोल आले, हॉटशॉट आले. तरीही प्रत्येक फोटो मोजून-मापून काढला जाई, कारण रोल धुऊन येईपर्यंत त्यात काय उमटले ते कळायला मार्ग नसे.

डिजिटल कॅमेऱ्याने ही धास्ती संपवली. १९७५ साली अमेरिकेतील कोडॅक कंपनीचे अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा तयार केला, तेव्हा त्याचे वजन साडेतीन किलोहून अधिक होते आणि एक फोटो कॅसेटवर नोंदवायला त्याला २३ सेकंद लागत. त्यानंतर ३५ वर्षांनी, म्हणजे २०१० साली, जगभरात एका वर्षात १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे दुकानांकडे रवाना झाले. मग मोबाइल फोनमधला कॅमेरा सुधारला आणि २०२३ साली हाच आकडा ८० लाखांच्याही खाली आला.

या उलथापालथीचा परिणाम थेट मध्यमवर्गीय ग्राहकावर झाला आहे. पूर्वी आठ-दहा हजार रुपयांत मिळणारे नामांकित कंपन्यांचे छोटे कॅमेरे बाजारातून जवळजवळ नाहीसे झाले. त्यांचे काम फोनने गिळले. कंपन्या आता महागड्या कॅमेऱ्यांकडे वळल्या आहेत. त्यामुळे ज्याचा खिसा लहान आहे, त्याला आज निवड अधिक विचारपूर्वक करावी लागते. सुदैवाने असा विचार करणाऱ्याला थोड्या पैशांतही उत्तम कॅमेरा मिळू शकतो.

कॅमेरा कशासाठी हवा?

दुकानात जाण्यापूर्वी हा प्रश्न घरातच सोडवायला हवा. ‘चांगले फोटो यावेत म्हणून’ हे उत्तर पुरेसे नाही. गेल्या वर्षभरात आपण फोनवर काढलेले फोटो निवांत बसून पाहा. कोणते फोटो बिघडले आणि का बिघडले, याची एक यादी करा. ही यादीच तुम्हाला कोणता कॅमेरा हवा ते सांगेल.

दिवसाउजेडी घराबाहेर काढलेले फोटो, सहलीतले देखावे, चार-पाच फुटांवर बसलेली माणसे, ताटात वाढलेले पदार्थ, कागदपत्रे. यासाठी बरा फोन पुरेसा आहे. फोन एका क्षणात अनेक फोटो घेऊन ते एकमेकांत मिसळतो आणि त्यातून एक स्वच्छ फोटो तयार करतो. तुमची गरज एवढीच असेल, तर कॅमेऱ्याचे पैसे वाचवा. त्यातून फोटो छापून एक चांगला अल्बम करा.

फोन कमी पडतो तो मुख्यतः तीन ठिकाणी. पहिले, वस्तू दूर असेल तेव्हा : रंगमंचावरची मुलगी, मैदानाच्या टोकाला धावणारा मुलगा, झाडावरचा पक्षी. दुसरे, उजेड कमी आणि माणसे हलती असतील तेव्हा : मंडपातला गरबा, रात्रीची वरात, वाढदिवसाच्या मेणबत्त्यांभोवती उड्या मारणारी मुले. तिसरे, व्यक्तिचित्र खऱ्या अर्थाने उठावदार हवे असेल तेव्हा. फोन मागचा भाग हिशेब करून पुसट करतो, पण केसांच्या बटा, चष्म्याची काडी, नाकातली नथ अशा बारीक ठिकाणी त्याची फसगत होते.

आपली अडचण या तिघांपैकी कोणती, ते आधी ठरवा. तिन्ही अडचणींवर एकच स्वस्त उपाय सांगणारा दुकानदार भेटला, तर त्याचे म्हणणे जरा सावधपणेच ऐका.

मेगापिक्सेलचा मोह

कॅमेऱ्याच्या खोक्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेला असतो तो मेगापिक्सेलचा आकडा. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके. फोटो अशा ठिपक्यांचा बनलेला असतो हे खरे, पण आपल्याला लागतात तरी किती?

साधा हिशेब करू. छापील फोटो सुबक दिसण्यासाठी एका इंचात ३०० ठिपके पुरतात. चार बाय सहा इंचांच्या फोटोला म्हणून १२०० गुणिले १८०० ठिपके लागतात. म्हणजे अवघे दोन मेगापिक्सेल आणि वर थोडेसे! भिंतीवर लावायच्या आठ बाय बारा इंचांच्या फोटोला पावणेनऊ मेगापिक्सेल पुरतात. फोर-के टीव्हीचा पूर्ण पडदा भरायलाही साडेआठ मेगापिक्सेलहून जास्त लागत नाहीत.

याचा अर्थ, १२ मेगापिक्सेलचा कॅमेराही घरगुती कामाला भरपूर झाला. १६ किंवा २४ असतील तर फोटोचा नको असलेला भाग कापून टाकायला वाव मिळतो, इतकेच. त्यापुढच्या आकड्यासाठी सामान्य कुटुंबाने जास्त पैसे मोजण्याचे कारण नाही.

आणखी एक सावधगिरी. तीन-चार हजार रुपयांत ‘४८ मेगापिक्सेल, फोर-के’ असे लिहिलेले अनोळखी नावांचे कॅमेरे आजकाल जाहिरातींत दिसतात. यांपैकी पुष्कळ कॅमेऱ्यांत लहानसा सेन्सर आणि फोकस न हलणारी साधी लेन्स असते. मोठा आकडा सॉफ्टवेअरने ठिपके फुगवून मिळवलेला असतो. ताकात पाणी घातले की ताक वाढते, पण त्यातले लोणी वाढत नाही. लहान मुलाला खेळायला द्यायचा असेल तर गोष्ट वेगळी. अन्यथा यांच्या वाटेला जाऊ नये.

पाऊस आणि पातेली

मग पाहायचे काय? दोन गोष्टी : सेन्सरचा आकार आणि लेन्सचे तोंड.

सेन्सर म्हणजे फिल्मच्या जागी बसवलेली, उजेड टिपणारी चिप. पावसात अंगणात एक वाटी आणि एक परात ठेवली, तर परातीत जास्त पाणी साठणार. उजेडाचेही तसेच आहे. सेन्सर जितका मोठा, तितका त्यावर जास्त उजेड पडतो आणि फोटो तितका स्वच्छ येतो. उजेड अपुरा पडला की फोटोत रवाळ ठिपके दिसू लागतात.

लांब झूमच्या बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांत १/२.३ इंच म्हटला जाणारा सेन्सर असतो. त्याचे क्षेत्रफळ जेमतेम २८ चौरस मिलिमीटर. ‘एक इंच’ म्हटल्या जाणाऱ्या सेन्सरचे ११६ आणि ‘मायक्रो फोर थर्ड्स’चे २२५ भरते. घरगुती डीएसएलआर कॅमेऱ्यांत ‘एपीएस-सी’ सेन्सर असतो, त्याचे ३३० ते ३७० चौरस मिलिमीटर होते. म्हणजे छोट्या सेन्सरच्या बारा-तेरा पट! जुन्या रोलच्या मापाचा ‘फुल फ्रेम’ सेन्सर तर ८६४ चौरस मिलिमीटरचा असतो, पण तो कॅमेरा आणि त्याच्या लेन्स दोन्ही महाग. लहान बजेटवाल्याने तो विचार तूर्त बाजूला ठेवावा.

लक्षात घ्या, चांगल्या फोनचा मुख्य सेन्सर आज १/२.३ इंचापेक्षा मोठा असतो. तेव्हा केवळ ‘कॅमेरा’ आहे म्हणून तो फोनपेक्षा सरस, असे समजू नका.

अंधारा मंडप आणि नाचणारी मुलगी

आता लेन्सकडे वळू. लेन्सवर ‘एफ’ हे अक्षर आणि पुढे १.८, ३.५ किंवा ५.६ असा आकडा असतो. हा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे तोंड मोठे आणि आत येणारा उजेड जास्त.

कॅमेऱ्याबरोबर जी १८-५५ मिलिमीटरची लेन्स मिळते, तिचे तोंड झूम केल्यावर एफ ५.६ एवढे आक्रसते. याउलट ५० मिलिमीटर एफ १.८ ही न झूम होणारी लेन्स तिच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते.

याचा उपयोग काय? गरबा खेळणारी मुलगी स्पष्ट यावी म्हणून सेकंदाच्या २५०व्या भागात, किंवा त्याहूनही झटपट, फोटो निघायला हवा. मंडपातल्या उजेडात साध्या लेन्सने कॅमेरा सेकंदाचा २०वा भाग मागत असेल, तर तेवढ्या वेळात मुलगी गिरकी घेऊन जाते आणि फोटोत ओढणीची एक रेघ उरते. एफ १.८ च्या लेन्सने तोच फोटो २००व्या भागात निघतो. आयएसओ थोडा वाढवला की काम झाले.

पुष्कळ जण इथे ‘इमेज स्टॅबिलायझेशन’वर भिस्त ठेवतात. ही सोय आपल्या हाताचा कंप सावरते, समोरच्या माणसाची हालचाल थांबवत नाही. देवळातली समई, रात्रीचा दिव्यांनी सजलेला वाडा यांसाठी ती छान. नाचासाठी मात्र लेन्सचे तोंडच मोठे हवे.

एकाच लेन्सवर कसे भागणार, अशी शंका येईल. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला (१९१३-२०१२) ज्या कॅमेऱ्यांवर काम करीत, त्यांत रोलिफ्लेक्सही होता. त्याची लेन्स बदलता येत नसे, झूमही नव्हता. जवळचे हवे तर दोन पावले पुढे जायचे, सगळे हवे तर मागे सरायचे. २०११ साली पद्मविभूषण मिळालेल्या व्यारावालाबाईंना जे पुरले, ते आपल्याला पुरायला हरकत नसावी.

मात्र घराची खोली लहान असेल, तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. एपीएस-सी कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स जवळजवळ ७५ ते ८० मिलिमीटरसारखी वागते. दहा बाय दहाच्या खोलीत तिच्यातून चार माणसे एकत्र मावत नाहीत. एकट्या माणसाच्या व्यक्तिचित्राला ती उत्तम. खोलीतल्या घोळक्यासाठी ३५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी मापाची लेन्स सोयीची.

कोणाला कोणता कॅमेरा?

पक्षीनिरीक्षणाची हौस असेल, सहलीत लांबचे टिपायचे असेल आणि लेन्स बदलण्याची कटकट नको असेल, तर मोठ्या झूमचा एकसंध कॅमेरा पाहावा. निकॉनचा पी ९०० (२०१५) हा त्यांतला प्रसिद्ध नमुना. त्याचा झूम ८३ पट आहे. भरउन्हात तो तळ्याच्या पलीकडच्या काठावरचा बगळा जवळ आणून दाखवतो. पण सेन्सर छोटा असल्याने संध्याकाळ झाली की त्याची ताकद ओसरते. याच जातीचा, पॅनासॉनिकचा एफझेड ३०० (२०१५) हा झूम कमी देतो, पण पूर्ण झूमवरही त्याची लेन्स एफ २.८ एवढी उघडी राहते. शाळेच्या दिवसाच्या क्रीडा स्पर्धांसाठी हा गुण मोलाचा आहे.

घरातले समारंभ, मुले, व्यक्तिचित्रे ही मुख्य गरज असेल, तर कमी पैशांत सर्वांत जास्त देणारा पर्याय आज वापरलेला डीएसएलआर हा आहे. कारण सोपे आहे. २०१८ साली निकॉनने झेड आणि कॅनॉनने आर ही मिररलेस मालिका सुरू केली आणि दोन्ही कंपन्यांनी आपला सगळा भर तिकडे वळवला. व्यावसायिक आणि हौशी मंडळी नव्याकडे धावली. त्यांचे जुने, पण धडधाकट कॅमेरे बाजारात आले. निकॉनचे डी ५३०० (२०१३), डी ५६०० (२०१६), डी ३५०० (२०१८), कॅनॉनचा २०० डी (२०१७) हे सारे २४ मेगापिक्सेलचे, एपीएस-सी सेन्सरचे कॅमेरे आहेत. त्यांनी काढलेला फोटो भिंतीवर लावला, तर तो किती साली निघालेल्या कॅमेऱ्याचा आहे हे पाहुण्यांना सांगता येणार नाही. शिवाय यांची बॅटरी फार टिकते. निकॉन डी ३५०० एका भारणीत प्रमाणित चाचणीनुसार १,५५० फोटो काढतो. लग्नघरात चार्जर शोधत फिरावे लागत नाही.

मिररलेस कॅमेरा हलका, लहान आणि चित्रफितीसाठी अधिक चांगला. चेहरा ओळखून फोकस धरण्यात नवे मिररलेस वाकबगार असतात. मुले सारखी पळत असतील, किंवा तुम्हाला पाककृतींच्या चित्रफिती करायच्या असतील, तर थोडे पैसे साठवून याच वाटेने जा. वापरलेल्यांत सोनीचा अल्फा ६००० (२०१४) अजूनही कामाचा आहे. त्याची बॅटरी मात्र तीन-साडेतीनशे फोटोंतच दमते, म्हणून जोडीला दुसरी घ्यावी लागते. कॅनॉनच्या एम मालिकेचा कॅमेरा स्वस्तात मिळत असेल, तर ती मालिका कंपनीने बंद केली आहे आणि तिच्या लेन्स मोजक्याच आहेत, हे लक्षात घेऊनच व्यवहार करा.

लेन्स घेताना निकॉनवाल्यांनी एक गोष्ट पाहायलाच हवी. डी ३००० आणि डी ५००० या मालिकांतील कॅमेऱ्यांत फोकस फिरवणारी मोटर नसते. त्यांवर ‘एएफ-डी’ लेन्स बसते, पण फोकस हाताने करावा लागतो. त्यांच्यासाठी ‘एएफ-एस’ लेन्स घ्या. कॅनॉनच्या ईएफ लेन्समध्ये मोटर लेन्सच्याच आत असते, त्यामुळे ही अडचण येत नाही.

वापरलेला कॅमेरा पारखताना

मुंबईत फोर्ट भागातील दादाभाई नौरोजी रस्ता आणि बोरा बाजार, दिल्लीत चांदणी चौकातील कूचा चौधरी ही कॅमेऱ्यांची जुनी ठिकाणे आहेत. इतर शहरांतही एखादे जुने, विश्वासाचे दुकान असतेच. कुठेही घ्या, पण जाताना आपले मेमरी कार्ड आणि एक बॅटरी (टॉर्च) जवळ ठेवा. घाई करू नका. विक्रेता घाई करीत असेल, तर तेच परत फिरायला पुरेसे कारण आहे.

पुढील तपासणी अर्ध्या तासात होते :

* लेन्सच्या मागून बॅटरीचा झोत टाकून पुढून पाहा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू किंवा धुरकट डाग दिसले, तर ती बुरशी आहे. अशी लेन्स कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. धुळीच्या दोन-चार कणांनी मात्र काही बिघडत नाही.

* लेन्सचे तोंड एफ १६ एवढे लहान करून पांढऱ्या भिंतीचा फोटो घ्या. काळपट ठिपके दिसले, तर सेन्सरवर धूळ आहे. ती साफ होते. पण साफ केल्यावरही डाग राहिला, तर सेन्सरला ओरखडा असू शकतो.

* झाकण लावून एक फोटो काढा. पूर्ण काळ्या फोटोत रंगीत ठिपके चमकत असतील, तर सेन्सरचे तेवढे बिंदू खराब आहेत.

* जवळच्या आणि लांबच्या वस्तूवर आलटून-पालटून फोकस करा. प्रत्येक बटण, चाक, फ्लॅश, कार्डाची खाच, बॅटरीचे झाकण तपासा. पाच मिनिटे चित्रफीत घेऊन आवाज ऐका.

* शटर किती वेळा उघडले, हे विचारा. घरगुती डीएसएलआरचे शटर साधारणतः एक लाख वेळा उघडण्याच्या हिशेबाने बनवलेले असते. निकॉनच्या फोटोच्या माहितीतच हा आकडा नोंदलेला असतो. आपल्या कार्डावर एक फोटो काढून संगणकावर पाहता येतो. २०-३० हजारांचा आकडा असेल तर कॅमेऱ्यात पुष्कळ आयुष्य शिल्लक आहे. लग्नसराईत राबलेला कॅमेरा लाखाच्या घरात गेलेला असतो.

* मूळ बिल मागा आणि त्यावरचा क्रमांक कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या क्रमांकाशी ताडून पाहा. बिल नसेल, तर विक्रेत्याकडून सही-तारखेसह लेखी पावती तरी घ्या. चोरीचा माल स्वस्तात घेऊन डोकेदुखी ओढवून घेण्यात शहाणपण नाही.

गेल्या काही वर्षांत तरुण मुलांना वीस वर्षांपूर्वीच्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांचे वेड लागले आहे. त्यांचे रंग वेगळे दिसतात, म्हणून मुले हट्ट धरतात. कपाटात असा कॅमेरा असेल तर जरूर द्या. विकत घेणार असाल, तर त्याला कोणते कार्ड लागते ते आधी पाहा. २००६ पूर्वीचे बरेच कॅमेरे दोन जीबीपेक्षा मोठे कार्ड ओळखतच नाहीत. काहींना ‘एक्सडी’ कार्ड लागते, आणि ते आता सहज मिळत नाही. फुगलेली बॅटरी आत असेल तर तो कॅमेरा घेऊच नका. साध्या पेन्सिल सेलवर चालणारा असेल तर उत्तम.

शंभर रुपयांची वाटणी

बहुतेकांची चूक एकच होते : सगळे पैसे कॅमेऱ्यावर खर्च करून मोकळे होतात. मग कार्ड हलके घेतात, पिशवी घेत नाहीत आणि दुसरी लेन्स कायमची राहूनच जाते.

आपल्या बजेटचे १०० भाग करा. त्यांतले ५५ कॅमेरा आणि सोबतच्या लेन्ससाठी ठेवा. २५ भाग एफ १.८ च्या लेन्ससाठी. १० भागांत दोन चांगली मेमरी कार्डे, एक जादा बॅटरी आणि साधी पिशवी बसवा. उरलेले १० भाग फोटो साठवायला आणि छापायला. आज एवढे पैसे नसतील, तर दुसरी लेन्स सहा महिन्यांनी घ्या, पण तिची जागा मनात राखून ठेवा. चांगली लेन्स कॅमेऱ्यापेक्षा जास्त वर्षे साथ देते. उद्या कॅमेरा बदलला, तरी ती बहुधा बदलावी लागत नाही.

मेमरी कार्ड नामांकित दुकानातूनच घ्या. नकली कार्डांवर ६४ जीबी छापलेले असते आणि आत जागा फारच कमी असते. ती भरली की पुढचे फोटो गायब! घरी आणल्यावर एकदा संपूर्ण कार्ड भरून पाहा, सगळे फोटो उघडतात का ते तपासा आणि मगच ते समारंभाला न्या.

हप्ते आणि बिल

नवा कॅमेरा घेताना ‘शून्य टक्के व्याजावर हप्ते’ अशी पाटी हमखास दिसते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज असे काही अस्तित्वातच नसते. ते व्याज बहुधा प्रक्रिया शुल्काच्या रूपाने वसूल होते. म्हणून दुकानदाराला दोन प्रश्न विचारा. रोख दिले तर किंमत किती? आणि हप्त्यांनी सगळे मिळून किती जातात? या दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुमचे व्याज.

दुसरे आमिष बिलाचे. ‘बिल नको असेल तर इतके कमी करतो’, असे कोणी म्हटले, तर नम्रपणे नाही म्हणा. डिजिटल कॅमेऱ्यावरचा जीएसटी जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. हा कर वाचवण्यासाठी बिल सोडले, की त्याबरोबर भारतातली वॉरंटीही हातची जाते. कॅमेऱ्याची एक दुरुस्ती ती सारी बचत खाऊन टाकू शकते.

पावसाळ्यातला शत्रू

कोकण, गोवा, मुंबई, केरळ किंवा कोलकाता. जिथे जिथे हवा दमट, तिथे लेन्सवर बुरशी चढते. चामड्याच्या बंद पिशवीत, कपाटाच्या अंधारात ठेवलेला कॅमेरा तर बुरशीला आमंत्रणच. एका पावसाळ्यात हजारोंची लेन्स निकामी होऊ शकते. कॅमेऱ्यासाठी ४० ते ५० टक्के आर्द्रता योग्य मानतात.

त्यासाठी मिळणारी विजेवरची कोरडी पेटी महाग वाटली, तर घरगुती उपाय आहे. घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा घ्या. त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारे लहानसे यंत्र ठेवा. कॅमेरा आणि लेन्स पिशवीतून काढून त्यात ठेवा. जेलच्या खड्यांचा रंग बदलला की ते ओलावून गेले असे समजा आणि पुड्या बदला. खडे तापवून पुन्हा वापरता येतात, पण निळे खडे स्वयंपाकाच्या भांड्यात मुळीच तापवू नका. सर्वांत चांगला उपाय तर फुकटचा आहे : आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून वापरा.

फोटो काढले, पण उरले का?

कॅमेरा घेण्यामागचा खरा हेतू विसरू नका. आजोबांच्या लग्नाचा कृष्णधवल फोटो साठ-सत्तर वर्षांनीही भिंतीवर आहे. आपल्या मुलाच्या पहिल्या वाढदिवसाचे ४०० फोटो मात्र हरवलेल्या फोनबरोबर गेले, असे किती तरी घरांत घडते. बाळाचे ते हसू पैसे टाकून परत मिळत नाही.

म्हणून एक शिस्त लावून घ्या. प्रत्येक समारंभानंतर आठवड्याच्या आत फोटो कार्डावरून उतरवा. निरुपयोगी फोटो पुसा. उरलेल्यांच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. एक घरातल्या हार्ड डिस्कवर, दुसरी भावाकडे किंवा बहिणीकडे. दोन्ही एकाच कपाटात ठेवल्या, तर आग, पाणी किंवा चोर दोन्ही एकदमच नेतील. आणि वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी म्हणा, निवडक ३६ फोटो छापून घ्या. जुन्या रोलएवढेच! इतक्या फोटोंतून ३६ निवडताना घरातली सगळी मंडळी एकत्र बसतील, हसतील, भांडतील. तो कार्यक्रमही काही कमी आनंदाचा नाही.

कॅमेरा महाग आहे की स्वस्त, हे दहा वर्षांनी कोणी विचारत नाही. आजीचा हात कसा होता, अंगणातला पारिजातक कुठे होता, धाकट्याचा पुढचा दात कधी पडला, हे विचारतात. त्या प्रश्नांची उत्तरे ज्या कॅमेऱ्यातून मिळतील, जो घरातली दोन-तीन माणसे न घाबरता हाताळू शकतील आणि ज्याच्या हप्त्यांनी महिन्याचे गणित कोलमडणार नाही, तोच आपल्या घरासाठी चांगला कॅमेरा.